ऐंशी चौरस इंच

३५ मिलिमीटरचा छत्तीस फोटोंचा एक रोल घ्या. त्याच्या शेजारी १२० चा एक रोल, चार बाय पाच इंचांच्या चार शीट आणि आठ बाय दहा इंचांची एकच शीट ठेवा. सगळे उलगडून मोजले, तर प्रत्येक ठिकाणी फिल्मचे क्षेत्रफळ साधारण सारखेच भरते: ८० चौरस इंचांच्या आसपास. इलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म या सगळ्या रूपांत मिळते. खालचा आधार कुठे पातळ, कुठे जाड असतो. पण वरचा चांदीच्या क्षारांचा थर तोच, आयएसओ ४०० चा वेग तोच, आणि ती धुवायला लागणारे डेव्हलपरही जवळपास तेवढेच. फरक पडतो तो वाटणीत. पहिल्या ठिकाणी या ऐंशी चौरस इंचांचे छत्तीस वाटे झाले, दुसऱ्या ठिकाणी बारा, तिसऱ्या ठिकाणी चार, आणि चौथ्या ठिकाणी वाटणी झालीच नाही.

फिल्मचा फॉरमॅट कसा निवडावा हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो वाटणीपासून सुरू करण्याला कारण आहे. फिल्मकडे नव्याने वळलेली पुष्कळ मुले-मुली भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात फॉरमॅट शाळेच्या इयत्तांसारखे रचलेले असतात. ३५ मिमी शिकण्यापुरते, मग १२० च्या रोलचा मीडियम फॉरमॅट, आणि हात बसला की शीट फिल्मचा लार्ज फॉरमॅट. कॅमेऱ्यांच्या किमतींनी ही समजूत आणखी घट्ट केली आहे. मला ती मनापासून चुकीची वाटते, आणि तिच्यापायी चांगली छायाचित्रे हातची जाताना मी पाहतो. समोरची गोष्ट किती वेळ थांबणार आहे, आणि तिचे चित्र शेवटी किती मोठे पाहिले जाणार आहे, या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली की फॉरमॅट बराचसा ठरून जातो. बाकीचे मुद्दे, म्हणजे वजन, खर्च, लॅब, हवामान, हे त्यानंतरचे.

फिल्मच्याही आधीच्या काळात हे प्रश्न असे पडतच नसत. काच जेवढी, तेवढे चित्र. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. त्या मंडळींना मोठे चित्र हवे असेल तर मोठी काच, मोठा कॅमेरा आणि तो वाहायला माणसे लागत. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा-वेरूळची जी छायाचित्रे घेतली आणि जी १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या पुस्तकात आली, त्यांच्यामागेही काचेचे ओझे होतेच. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत हाफ प्लेट आणि फुल प्लेटचे लाकडी कॅमेरे आले. केरळातल्या आलप्पुळा येथे बनणारे ‘वागीश्वरी’ कॅमेरे देशभर पोहोचले. स्टुडिओत आलेल्या गिऱ्हाइकाला आधी विचारले जाई की फोटो केवढा हवा, आणि त्याच्या उत्तरावर कॅमेऱ्यात कुठली प्लेट जाणार हे ठरे. निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट उजेड दिला की झाली कॉपी. फॉरमॅट म्हणजे फोटोचा आकार, आणि फोटोचा आकार म्हणजे बिलाची रक्कम, इतके सरळ गणित होते.

त्या सरळ गणिताचा एक सुंदर पुरावा आजही अनेक मराठी घरांत आहे. आजोबांच्या काळचा जाड काळ्या पानांचा अल्बम उघडून पाहा. कातरलेल्या पांढऱ्या कडांचे छोटे चौकोनी फोटो त्यात असतात. त्यांपैकी कितीतरी आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यावर काढलेले असतील. बडोद्याला तयार होणारा हा साधा डबा, एक साधे भिंग, १२० चा रोल, आणि त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. आता त्याच घरातला १९९० च्या आसपासचा अल्बम काढा: ३५ मिमीवर घेतलेले, मिनीलॅबमधून आलेले चार बाय सहा इंचांचे रंगीत फोटो. कॅमेरा जास्त चांगला, भिंग जास्त चांगले, तरी पुष्कळदा आजोबांच्या फोटोतला चेहरा अधिक स्वच्छ आणि भरीव दिसतो. याचे कारण आठवणींत शोधायला नको. आजोबांचा फोटो एकास एक आहे. निगेटिव्ह जेवढी, तेवढाच कागद. मिनीलॅबच्या फोटोत २४ मिलिमीटरची बाजू ताणून चार इंच केलेली आहे, म्हणजे चौपटीहून जास्त. भिंगाचे दोष, हाताचे हलणे, फिल्मचे दाणे, सगळे तितक्याच पटीने वाढले. मुळात निगेटिव्हच्या आकारापेक्षाही ती किती पट वाढवली जाते हे पाहावे लागते. हा एक मुद्दा नीट उमगला तर पुढची निम्मी प्रकरणे वाचताना अडचण येणार नाही.

३५ मिमीची सगळी गोष्ट या वाढवण्यावर उभी आहे. जर्मनीत वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता. प्लेटचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना जमत नसे. त्यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म घेतली, सिनेमाची १८ बाय २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ केली आणि १९१३-१४ च्या सुमारास पहिला नमुना बनवला. हा कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला तो १९२५ साली, लाइपझिगच्या जत्रेत. छोटी निगेटिव्ह घ्यायची आणि एनलार्जरखाली मोठी करायची, ही कल्पना त्या काळच्या व्यावसायिकांना पटणे सोपे नव्हते. पण त्या छोट्या चौकटीने एक गोष्ट अशी दिली की जी प्लेटवाल्यांकडे नव्हती: पुढचा फोटो. बोटाने एकदा पुढे सारले की कॅमेरा पुन्हा तयार, छत्तीस वेळा. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींची जी छायाचित्रे घेतली, हत्येच्या काही तास आधीची आणि नंतरच्या अंत्ययात्रेची, ती लायकावर. त्या गर्दीत, त्या दिवसांत, दुसऱ्या पद्धतीने ते काम तसे झाले नसते.

इथे मला थोडे गणित करायचे आहे, कारण फॉरमॅटविषयीच्या सर्वाधिक गैरसमजुती या गणिताअभावी टिकून आहेत. आषाढी वारीत माळशिरस तालुक्यात सदाशिवनगरला माउलींच्या पालखीचे गोल रिंगण होते. आकाश भरून आलेले, दुपार कलती, आणि घोडा वर्तुळात धावतो आहे. समजा तुमच्याकडे ३५ मिमीचा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग आणि आयएसओ ४०० ची फिल्म आहे. एफ ४ आणि सेकंदाचा ५०० वा भाग, असे एक्स्पोजर त्या उजेडात मिळू शकेल. घोडा बऱ्यापैकी थांबेल, आणि त्याच्यामागचे वारकरीही ओळखू येण्याइतके स्पष्ट राहतील.

आता तोच फोटो सहा बाय सहावर घ्यायचा आहे. दृश्याचा तेवढाच आवाका पकडायला तिथे ८० मिलिमीटरचे भिंग लागते. मागचे वारकरी तितकेच स्पष्ट हवे असतील तर भिंगातल्या छिद्राचा प्रत्यक्ष व्यास तेवढाच, म्हणजे साडेबारा मिलिमीटर, ठेवावा लागतो. ८० भागिले साडेबारा म्हणजे एफ ६.४. उजेड अडीच पटीने घटला. शटर तेच ठेवायचे तर फिल्म आयएसओ १००० ची हवी. चार बाय पाचवर भिंग १५० मिलिमीटरचे, छिद्र एफ १२, उजेड नऊ पटीने कमी. आयएसओ ३६०० ची शीट कुठून आणणार? ४०० वरच राहिलात तर शटर सेकंदाच्या ५५ व्या भागापर्यंत खाली येते आणि घोडा पुसला जातो. मोठ्या निगेटिव्हने जो बारीक दाणा आणि मऊ टोन देऊ केले होते, त्यांतले बरेचसे वेगवान फिल्मने परत घेतले.

यातून जे हाती येते ते फार महत्त्वाचे आहे. मोठ्या फॉरमॅटचा फायदा पदरात पडतो तो समोरची गोष्ट थांबणार असेल तेव्हा, किंवा उजेड भरपूर असेल तेव्हा. गोष्ट पळती असेल आणि उजेड अपुरा असेल, तर ३५ मिमी हीच पहिल्या दर्जाची निवड आहे, नाइलाजाने केलेली तडजोड नव्हे.

याच हिशेबाने दुसरी एक लोकप्रिय समजूतही तपासून घेऊ. मीडियम फॉरमॅटचा ‘लुक’ म्हणजे मागचे सगळे धूसर होणे, असे अनेकजण मानतात. ३५ मिमीचे ५० मिमी एफ १.८ चे भिंग पूर्ण उघडले तर छिद्र २८ मिलिमीटरचे होते. सहा बाय सहाच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याच्या नेहमीच्या ८० मिमी एफ २.८ चे २९. चार बाय पाचच्या १५० मिमी एफ ५.६ चे २७. तिन्हींत पार्श्वभूमी जवळपास सारखीच विरते! तेव्हा त्या चित्रांत जे काही वेगळे भासते ते बहुतांशी दुसरीकडून येते: एकाच गालावरचा उजेड रेखाटायला किती चांदी उपलब्ध होती, यातून. चेहऱ्याने चौकटीच्या उंचीचा सहावा भाग व्यापला असेल तर आडव्या ३५ मिमीवर तो चार मिलिमीटरचा, सहा बाय सहावर नऊचा, चार बाय पाचवर सोळाचा. कपाळाकडून कानशिलाकडे जाताना सावली किती पायऱ्यांनी गडद होते हे सांगायला सोळा मिलिमीटरमध्ये खूपच जास्त जागा असते.

१२० चा रोल कोडॅकने १९०१ साली काढला, तोही एका स्वस्त ब्राउनी कॅमेऱ्यासाठी. शंभराहून अधिक वर्षे झाली, तो रोल अजून तसाच मिळतो. पाठीमागे कागद, कागदावर आकडे. त्यानंतर आलेले कितीतरी आकार काळाच्या ओघात गेले. या रोलवर साडेचार, सहा, सात, नऊ सेंटिमीटरच्या चौकटी पडतात. फोटो तितके कमी-जास्त होतात: पंधरा-सोळा, बारा, दहा, आठ. सहा बाय साडेचार हा हलका, हाती धरायला सोपा आणि माझ्या मते अकारण दुर्लक्षित प्रकार आहे. सहा बाय सातचे ममिया आणि पेंटॅक्स मजबूत आहेत, पण वजनदार. दिवसभर गळ्यात अडकवून फिरण्याआधी एकदा हातात घेऊन पाहावेत. सहा बाय नऊ लांबट निसर्गदृश्यांना छान. यांवर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. मला थांबायचे आहे ते चौरसापाशी.

चौरस चौकटीला आडवे-उभे नसते, त्यामुळे कॅमेरा वळवायचा प्रश्नच मिटतो. पण खरा बदल घडतो तो छायाचित्रकाराच्या अंगस्थितीत. ब्राउनश्वाइगच्या फ्रँके आणि हायडेके यांनी १९२९ साली दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स आणला. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. चित्र डावे-उजवे उलटे दिसते. समोरच्या माणसावर डोळा रोखलेला नसतो. आपला चेहरा त्याला दिसतो, त्याच्याशी बोलता येते. ज्या माणसाला कॅमेऱ्याची सवय नाही तो यामुळे सैल होतो. ३५ मिमीचा कॅमेरा डोळ्याला लावला की आपला अर्धा चेहरा झाकला जातो आणि समोरच्याला पाहणारे फक्त भिंग उरते. पोटाच्या उंचीवरून घेतल्यामुळे बसलेला माणूस खाली दबलेला दिसत नाही आणि उभा माणूस थोडा उंच, भारदस्त दिसतो. व्यक्तिचित्रांच्या बाबतीत हे फॉरमॅटचे गुण मी बारीक दाण्यापेक्षा वरचे मानतो.

होमाई व्यारावाला यांच्याकडे पाहिले की हे नीट कळते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आणि १९४२ नंतर दिल्लीत काम केलेल्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार. रोलीफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक ही त्यांची हत्यारे होती. पुढाऱ्यांच्या इतक्या जवळ जाऊनही त्यांच्या चित्रांत धक्काबुक्की जाणवत नाही. अमेरिकेत डीॲन आर्बस १९६२ च्या सुमारास ३५ मिमी सोडून रोलीफ्लेक्सच्या चौरसाकडे वळल्या, आणि तिथून त्यांची चित्रे बदलली. माणसे कॅमेऱ्याकडे सरळ पाहू लागली, कारण आता त्यांना थांबवून, त्यांच्या संमतीने फोटो घेतला जात होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या, हातात खेळण्यातला हातगोळा धरलेल्या मुलाचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या चौकटी एकास एक मापात एकत्र दाखवणारा कागद, हीसुद्धा पुढे छापली गेली. बाकीच्या चौकटींत तो मुलगा साध्या मुलासारखा उभा आहे, हसतो आहे. मोजक्या चौकटींतून ती एक निवडली गेली. आपल्याकडे दयानिता सिंह यांनी हॅसलब्लाडच्या चौरसात घरे, कुटुंबे, रिकाम्या खोल्या आणि कागदपत्रांची दप्तरे टिपली. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या खोल्यांमधली शांतता २४ बाय ३६ च्या लांबट चौकटीत तशीच उतरली असती, असे मला वाटत नाही. लांबट चौकट नजरेला एका बाजूने दुसरीकडे नेते, चौरस तिला मध्यावर बसवून ठेवतो.

लार्ज फॉरमॅटबद्दल लिहिताना ॲन्सेल ॲडम्स यांचे नाव टाळता येत नाही, आणि टाळूही नये. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना चंद्रोदय, ढग आणि मावळतीच्या उजेडात चमकणारे क्रूस दिसले. आठ बाय दहाचा कॅमेरा उभा केला. एक्स्पोजर मीटर सापडेना. चंद्राची प्रकाशमानता त्यांना पाठ होती, त्यावरून त्यांनी हिशेब केला: एफ ३२, एक सेकंद. दुसऱ्या शीटसाठी होल्डर उलटा केला, तोवर क्रूसांवरचा उजेड गेला. एकच निगेटिव्ह राहिली. या प्रसंगाकडे बहुतेक लोक नशिबाची गोष्ट म्हणून पाहतात. मला त्यात दुसरे काही दिसते. कॅमेरा उभा करण्यापासून शटर दाबण्यापर्यंतची प्रत्येक कृती हातात इतकी मुरलेली नसती, तर एकही शीट मिळाली नसती. मोठा फॉरमॅट संथ असतो, पण आळशी माणसाला तो काहीच देत नाही.

आपल्याकडच्या विषयांत शीट फिल्मला सर्वांत न्याय देणारा विषय म्हणून मी वेरूळचे कैलास लेणे सुचवीन. सुमारे ३० मीटर उंचीचे मंदिर, वरून खाली कोरत आणलेले. तिन्ही बाजूंनी कडा आणि अरुंद अंगण. मागे सरायला जागा नाही. साधा कॅमेरा वर करून धरला की सगळ्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात आणि मंदिर मागे कलल्यासारखे दिसते. भात्याच्या कॅमेऱ्यात फिल्मची पाठ सरळ उभी ठेवून फक्त भिंग वर सरकवता येते. शिखर चौकटीत येते, रेषा सरळ राहतात. भिंग पुढे झुकवले तर पायाशी असलेल्या दगडापासून दूरच्या स्तंभापर्यंतचा पट्टा एकाच वेळी स्पष्ट होतो.

यापेक्षाही मोठा फायदा डार्करूममध्ये होतो. फेब्रुवारीतल्या दुपारी कैलासाच्या अंगणात पांढरे ऊन आणि मंडपात गडद काळोख असतो. जुलैत तोच दगड ओला, उजेड सपाट. ३५ मिमीच्या रोलवर दोन्ही प्रकारचे फोटो असतील, तर ते एकाच डब्यात, तितकाच वेळ धुतले जाणार. कुठल्या तरी एकाचे नुकसान ठरलेलेच. शीटचे तसे नाही. उन्हातल्या शीटला जास्त उजेड देऊन कमी धुवायचे, पावसाळ्यातल्या शीटला जास्त वेळ धुवायचे. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन सिस्टिम अशा एकेका शीटच्या धुण्यावर उभी आहे. हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यांत सुट्या मॅगझिनमुळे ही सोय थोडीफार मिळते: एक मॅगझिन उन्हासाठी, दुसरे सावलीसाठी. एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावायला आधी परवानगी घ्यावी लागते. ती हाती नसेल तर चार बाय पाचचा कॅमेरा घेऊन वेरूळला जाण्यात अर्थ नाही.

मोठा फॉरमॅट म्हणजे तिपाई आणि थांबलेले जग, हा नियमही सर्वत्र लागू होत नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. १९३०-४० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अपघात आणि खून टिपणारा आर्थर फेलिग, ज्याला सगळे ‘वीजी’ म्हणत, चार बाय पाचचा स्पीड ग्राफिक हातात घेऊन फिरत असे. एफ १६, सेकंदाचा २०० वा भाग, दहा फुटांवर फोकस, आणि फ्लॅशचा बल्ब. सगळे आधीच लावून ठेवलेले. उजेडाची अडचण त्याने स्वतःचा उजेड आणून सोडवली, आणि डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे पुढपासून मागपर्यंत किती स्पष्ट राहील याची, अडचण अंतर ठरवून. वर केलेले रिंगणाचे गणित खोटे पडले असे मात्र नाही; त्यानेही एफ १६ लावलेच होते, फक्त त्याची किंमत त्याने बल्बच्या रूपाने मोजली.

छोट्या आकारांबद्दल दोन शब्द. हाफ फ्रेमचा ऑलिंपस पेन १९५९ चा. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. पेंटॅक्सने २०२४ मध्ये पुन्हा हाफ फ्रेमचा नवा कॅमेरा काढला, ही आनंदाची गोष्ट आहे. फोटोंच्या जोड्या शेजारी शेजारी पाहायला आवडणाऱ्यांसाठी तो चांगला आहे. ११० आणि १२६ च्या कॅसेट घराघरांत पोहोचल्या होत्या, पण आज त्यांच्यात वेळ घालवावा असे मी कुणाला सांगणार नाही.

आता शेवटच्या चित्राचा प्रश्न, म्हणजे ते किती मोठे पाहिले जाणार. याचे उत्तर देताना लोक स्वतःला फसवतात. ज्याची सगळी छायाचित्रे फोनच्या पडद्यावर पाहिली जाणार आहेत, त्याला ३५ मिमी आणि सहा बाय सातमधला दाण्याचा फरक कुणी दाखवून दिला तरी दिसणार नाही. ज्याला आठ बाय दहा इंचांची कॉपी हवी आहे, त्याला ३५ मिमीची निगेटिव्ह सुमारे साडेआठ पट वाढवावी लागेल. सहा बाय सातची साडेतीन पटीहून थोडी जास्त. चार बाय पाचची दोनच पट. दोन पटींवर दाणा शोधावा लागतो. साडेआठ पटींवर तो दिसतो, आणि कधी कधी चित्रासाठी तो हवाही असतो. ट्राय-एक्स फिल्मच्या दाण्याला स्वतःचे असे सौंदर्य आहे आणि पावसातल्या मुंबईला ते शोभून दिसते. घरी स्कॅन करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. साधा फ्लॅटबेड स्कॅनर १२० च्या निगेटिव्हमधून बरेच काही बाहेर काढतो. ३५ मिमीच्या बाबतीत तो लवकर थकतो. तिथे चांगला मॅक्रो लेन्स किंवा फिल्मचा खास स्कॅनर लागतो. त्यामुळे कॅमेऱ्यात वाचवलेले पैसे स्कॅनरमध्ये जाऊ शकतात.

खर्चाबाबत हिशेब फोटोमागे करू नये. छत्तीस फोटोंचा रोल ‘परवडतो’ आणि बारा फोटोंचा ‘महाग पडतो’, असे मानणारा माणूस छत्तीसपैकी किती फोटोंची कॉपी काढणार आहे हे मोजत नाही. हिशेब करायचाच तर भिंतीवर लागलेल्या फोटोमागे करावा. त्या हिशेबात एकाच विषयावर चार शीट खर्च करणारा माणूस तितकाच काटकसरी ठरू शकतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल बाजारात असायचा ते दिवस गेले. आता आपल्याकडे प्रत्येक इंच फिल्म बाहेरून येते. तेव्हा कुठला आकार आपल्या शहरात सहज मिळतो, कुठली लॅब १२० धुते, शीट धुण्यासाठी आपल्याकडे जागा आहे का, याची चौकशी कॅमेरा घेण्याआधी करावी. परदेशातून फिल्म आणताना विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरपासून ती वाचवावी, विशेषतः वेगवान फिल्म. मे महिन्यात नळाचे पाणी कोमट येते आणि डेव्हलपर २० अंशांवर राखायला बर्फ लागतो. १२० चा एक रोल डब्यात पूर्ण बुडायला अर्धा लिटर द्रावण लागते, ३५ मिमीला त्याहून कमी; पाण्याच्या टंचाईच्या गावांत याचाही विचार करावा लागतो. कोकणात राहणाऱ्यांनी भात्याचा कॅमेरा घेताना दमटपणाची आणि भिंगावर येणाऱ्या बुरशीची तयारी ठेवावी.

माझा आग्रह एकच आहे. एक फॉरमॅट निवडला की एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू धरून, त्याच्याबरोबर राहावे. दोन-तीन कॅमेरे एकाच पिशवीत घेऊन निघणारा माणूस प्रसंग घडत असताना कॅमेरे बदलत बसतो. वर्षाच्या शेवटी सगळ्या कॉन्टॅक्ट शीट एकत्र मांडाव्यात. छत्तीस ३५ मिमीच्या चौकटी आठ बाय दहाच्या कागदावर जेमतेम मावतात, सहा बाय सहाच्या बारा आरामात, चार बाय पाचच्या चार अगदी नेटक्या. त्या मांडल्या की आपला स्वभाव आपल्यालाच वाचता येतो. एकाच दृश्याच्या सलग आठ चौकटी आहेत आणि आठवीच सर्वांत चांगली आहे, असे वारंवार दिसले तर तुमचे डोळे हलता हलता पाहतात, तुम्हाला ३५ मिमीच हवे. पहिलीच चौकट नेहमी चांगली आणि पुढच्या तिच्या नकला असतील, तर तुम्ही कॅमेरा उचलण्याआधीच पाहून झालेले असता. तुम्हाला कमी चौकटी पुरतील, आणि मोठी निगेटिव्ह तुमच्या हाती वाया जाणार नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे सांगून थांबतो. इथे छापलेल्या प्रत्येक छायाचित्राशेजारी त्याची मूळ निगेटिव्ह खऱ्या मापात छापली आहे, म्हणजे चित्र किती पट वाढवले आहे ते वाचकाला पट्टी लावून पाहता येईल. भिंगांची आणि एक्स्पोजरची कोष्टके शेवटी एकत्र दिली आहेत. फॉरमॅट लहानापासून मोठ्याकडे अशा चढत्या क्रमाने मी लावलेले नाहीत. पहिले प्रकरण १२० च्या रोलवर आहे, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिला कॅमेरा आला तो हा रोल घेऊनच, आणि त्या वेळच्या निगेटिव्ह कपाटात सापडल्या तर आजही त्यांची कॉपी काढता येते. ती कशी काढायची, इथूनच ते प्रकरण सुरू होते.